नागरिक विज्ञानातील वयाधारित डिजिटल अडथळे : एक चिकित्सा

प्रस्तावना

ज्यांचा पेशा विज्ञान नाही अशा लोकांनी वैज्ञानिक माहिती गोळा करणे, तपासणे किंवा तिचे वर्गीकरण करणे, याला 'नागरिक विज्ञान' म्हणतात. परिसरातील पक्षी मोजणे, रोजचा पाऊस मापून ठेवणे, आंब्याला मोहोर कधी आला याची दरवर्षी नोंद करणे, दुर्बिणीने टिपलेल्या दीर्घिकांच्या छायाचित्रांचे आकारानुसार गट पाडणे, अशी अनेक कामे यात येतात. या कामांना पदवी लागत नाही. लागते ती चिकाटी, सवड आणि एखाद्या जागेची दीर्घ ओळख. या तिन्ही गोष्टी उतारवयातील अनेक माणसांकडे असतात.

आज मात्र या कामाचा दरवाजा बहुधा स्मार्टफोनमध्ये असतो. नोंद करायची तर अ‍ॅप उतरवून घ्यावे लागते, खाते उघडावे लागते, स्थान सांगावे लागते आणि यादीतून नाव निवडावे लागते. ज्याच्याकडे निरीक्षण आहे पण हे सारे जमत नाही, तो बाहेर राहतो. या स्थितीचे वर्णन बहुतेक वेळा 'ज्येष्ठांमध्ये डिजिटल साक्षरता कमी आहे' या एका वाक्यात केले जाते. प्रस्तुत पाठात आपण या वाक्याची चिकित्सा करणार आहोत.

पाठाचे मुख्य प्रतिपादन असे : वयाधारित अडथळा हा वृद्ध व्यक्तीच्या अंगचा दोष म्हणून पाहणे अपुरे आहे. तो मोठ्या प्रमाणात प्रकल्पाच्या मांडणीतून निर्माण होतो. त्याची किंमत केवळ वगळलेली माणसे मोजत नाहीत, विज्ञानही मोजते. कारण काळाच्या ओघात निसर्गात काय बदलले, हा नागरिक विज्ञानाचा एक महत्त्वाचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर देण्यासाठी लागणारा जुना पुरावा मुख्यतः जुन्या माणसांकडे आहे.

१. कागदापासून अ‍ॅपपर्यंत

नागरिक विज्ञान इंटरनेटच्या आधीपासून आहे. उत्तर अमेरिकेत १९०० सालच्या नाताळच्या दिवशी फ्रँक चॅपमन यांच्या आवाहनावरून २७ निरीक्षकांनी २५ ठिकाणी पक्ष्यांची मोजणी केली. 'ख्रिसमस बर्ड काउंट' या नावाने ती आजही दरवर्षी होते. अमेरिकेच्या हवामान खात्याचे स्वयंसेवी निरीक्षकांचे जाळे १८९० पासूनचे आहे. न्यूयॉर्क राज्यातील ब्रिजहॅम्प्टन येथील रिचर्ड हेंड्रिक्सन या शेतकऱ्याने १९३० पासून आठ दशकांहून अधिक काळ आपल्या शेतावरील तापमान आणि पाऊस नोंदवला. २०१४ मध्ये त्यांचा सन्मान झाला तेव्हा ते १०१ वर्षांचे होते. अशा नोंदमालिकेत एकाच ठिकाणी, सारख्याच पद्धतीने केलेले ऐंशी वर्षांचे सातत्य असते. ते कोणत्याही उपकरणाच्या भरवशावर एकदम उभे करता येत नाही.

भारतात झफर फतेहअली यांनी १९६० च्या सुमारास 'न्यूजलेटर फॉर बर्डवॉचर्स' हे छोटेखानी नियतकालिक सुरू केले. देशभरातील हौशी निरीक्षक त्यात आपापली टिपणे पाठवत. १९८७ पासून दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणनाही स्वयंसेवकांच्या बळावर उभी राहिली. वही, पेन्सिल, दुर्बीण आणि टपालाचे पाकीट ही त्या काळातील निरीक्षकाची सामग्री होती.

कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिशास्त्र प्रयोगशाळा आणि ऑड्युबॉन सोसायटी यांनी २००२ मध्ये 'ई-बर्ड' सुरू केले. 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' हा १९९८ पासूनचा फेब्रुवारीतील उपक्रम २०१३ पासून भारतातही होऊ लागला. डिजिटल मांडणीमुळे काय साधले, हे आधी मान्य केले पाहिजे. नोंदीसोबत स्थळ, वेळ, निरीक्षणाचा कालावधी आणि चाललेले अंतर आपोआप जोडले जाते. संशयास्पद नोंद तपासणाऱ्याकडे लगेच जाते. हजारो वह्यांतील मजकूर संगणकात उतरवण्याचा खर्च वाचतो. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा २०२० चा अहवाल १५,५०० हून अधिक निरीक्षकांच्या सुमारे एक कोटी नोंदींवर आधारलेला होता. २०२३ च्या आवृत्तीत निरीक्षक ३०,००० वर आणि नोंदी तीन कोटींवर गेल्या. टपालाच्या पाकिटांतून हे घडले नसते. तेव्हा प्रश्न 'डिजिटल हवे की नको' हा नाही. 'डिजिटल हा एकमेव मार्ग असावा का' हा प्रश्न आहे.

२. एक उदाहरण : चिमण्यांची आठवण

हा प्रश्न नेमका कोठे अडचणीचा ठरतो हे पाहण्यासाठी एक भारतीय उदाहरण घेऊ. 'चिमण्या कुठे गेल्या' अशी चर्चा २००० नंतर देशभर होत होती. पण जुनी मोजणी फारशी उपलब्ध नव्हती. म्हणून २०१२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि इतर अनेक संस्थांनी मिळून 'सिटिझन स्पॅरो' हा ऑनलाइन उपक्रम राबवला. आपल्या परिसरात आज चिमण्या दिसतात का, आणि पूर्वीच्या वर्षांत दिसत होत्या का, असे दोन्ही प्रश्न लोकांना विचारले गेले. पाच हजारांहून अधिक लोकांनी दहा हजारांहून अधिक नोंदी पाठवल्या.

उपक्रमाची कल्पना उत्तम होती. नागरिकाची स्मृती हाही पुराव्याचा एक प्रकार मानण्याचे धाडस तिच्यात होते. पण माध्यम आणि प्रश्न यांच्यातील ताण पाहा. 'तुमच्या वाड्यात पूर्वी चिमण्या घरटी करत का?' या प्रश्नाचे सर्वांत लांब पल्ल्याचे उत्तर त्या वाड्यात पन्नास वर्षे राहिलेल्या आजी देऊ शकतात. प्रश्नावली मात्र संकेतस्थळावर होती, आणि २०१२ च्या भारतात संकेतस्थळापर्यंत पोहोचणारा माणूस प्रामुख्याने शहरी, शिकलेला आणि तुलनेने तरुण होता. प्रश्न वयस्कांना उद्देशून होता आणि माध्यमाने निवडले तरुणांना. अशा वेळी मिळालेल्या उत्तरांची संख्या कितीही मोठी असली तरी ती किती मागे जाऊ शकतात, याला मर्यादा पडते.

या उदाहरणातून एक कसोटी मिळते. कोणत्याही प्रकल्पाबाबत आपण विचारावे : ज्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे ते उत्तर कोणाकडे आहे, आणि प्रकल्पाचे दार त्या माणसाला उघडता येते का?

३. अडथळ्यांचे थर

'ज्येष्ठांना मोबाइल जमत नाही' असे म्हणताना अनेक वेगवेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. त्या सुट्या करून पाहणे गरजेचे आहे, कारण प्रत्येकीचे कारण वेगळे आणि उपायही वेगळा आहे.

पहिला थर शरीराचा. चाळिशीनंतर डोळ्यातील भिंगाची लवचिकता कमी होत जाते आणि जवळचे बारीक अक्षर वाचणे कठीण होते. मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ मध्ये मांडलेल्या नियमानुसार लक्ष्य जितके लहान आणि दूर, तितका तेथे अचूक पोहोचायला वेळ जास्त लागतो. हात थोडा थरथरत असेल तर पडद्यावरची लहान खूण दाबताना शेजारचीच दाबली जाते. पक्ष्यांच्या यादीत याचा अर्थ असा की बोट किंचित सरकले तर एका जातीची नोंद दुसऱ्या जातीच्या नावावर पडते. येथे अज्ञानाचा काहीही संबंध नाही. वेब सुलभतेच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांमध्ये मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील तफावत सामान्य आकाराच्या अक्षरांसाठी किमान ४.५ : १ असावी, असे सांगितले आहे. २०२३ च्या आवृत्तीने दाबायच्या खुणांसाठी किमान आकारही ठरवून दिला आहे. उपाय माहीत आहेत; ते पाळले जातात का, एवढाच प्रश्न उरतो.

शरीराच्या थरात तंत्रज्ञान मदतही करू शकते, हे विसरता कामा नये. वाढत्या वयात उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात. ज्याने चाळीस वर्षे आवाजावरून पक्षी ओळखले, त्याला बारीक शिळेचा पक्षी अचानक 'नाहीसा' झाल्यासारखा वाटू शकतो. २०२१ पासून 'मर्लिन' या अ‍ॅपमध्ये आवाजावरून पक्षी ओळखण्याची सोय आली आहे. अशी सोय त्या निरीक्षकाच्या कानाला आधार देते.

दुसरा थर यंत्राच्या आयुष्याचा. अ‍ॅपची नवी आवृत्ती जुन्या फोनवर चालत नाही. फोन बदलला की परवलीचा शब्द पुन्हा विचारला जातो. बटणांची जागा बदलते. तरुण वापरकर्ता हे बदल चालता चालता पचवतो. ज्याने प्रत्येक पायरी कागदावर लिहून पाठ केली आहे, त्याच्यासाठी प्रत्येक बदल म्हणजे नव्याने सुरुवात. १९७५ सालची वही आजही उघडता येते. दहा वर्षांपूर्वीचे अ‍ॅप उघडेल याची खात्री देता येत नाही. प्रवेशाच्या अडथळ्याची चर्चा होते, पण सातत्याच्या या अडथळ्याची फारशी होत नाही. वास्तविक दीर्घ नोंदमालिकेसाठी दुसराच अधिक घातक आहे.

तिसरा थर भाषेचा. पक्ष्यांची नावे काही भारतीय भाषांत ई-बर्डवर आली आहेत, ही चांगली सुरुवात आहे. पण यादीत एका जातीला एका भाषेत एकच नाव असते. मराठीत ज्याला भारद्वाज म्हणतात त्यालाच कोणी कुंभारकावळा, तर कोणी सोनकावळा म्हणते. 'पेरते व्हा' असे ओरडणारा पावशा शेतकऱ्याला ठाऊक असतो. यादीतील प्रमाण नाव त्याला ठाऊक असेलच असे नाही. वय जितके जास्त, तितकी बोलीतील नावांची शक्यता अधिक. म्हणजे ज्याचे पक्ष्यांविषयीचे ज्ञान घट्ट आहे, तोच यादीपुढे अडखळतो. यात साक्षरतेचाही भाग आहे. २०११ च्या जनगणनेनुसार साठ वर्षांवरील १०.४ कोटी व्यक्तींपैकी सुमारे ४४ टक्केच साक्षर होत्या. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ५९ टक्के, तर स्त्रियांत केवळ २८ टक्के होते. ज्या मांडणीत सारे काही वाचूनच करायचे आहे, तेथून ज्येष्ठ स्त्रिया सर्वांत आधी गळतात.

चौथा थर विश्वासाचा. अनोळखी अ‍ॅप घेऊ नका, ओटीपी कोणाला सांगू नका, आपण कुठे आहोत हे कळवू नका, असे घरचे, बँक आणि सरकार ज्येष्ठांना सतत बजावत असतात. ते योग्यच आहे. 'डिजिटल अटके'च्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीबद्दल ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही 'मन की बात'मधून सावध केले होते. आता नागरिक विज्ञानाचे अ‍ॅप काय मागते ते पाहा : स्थान, कॅमेरा, मायक्रोफोन आणि ई-मेल खाते. जो ज्येष्ठ नागरिक येथे 'नको' म्हणतो, तो मागासलेला नाही. त्याला शिकवलेली सावधगिरी तो पाळतो आहे. अशा वेळी परवानगी कशासाठी हवी हे सोप्या भाषेत आणि ओळखीच्या माणसाकडून समजावणे, ही प्रकल्पाची जबाबदारी ठरते.

४. 'शिकवा म्हणजे झाले' या भूमिकेची मर्यादा

अडथळा व्यक्तीत आहे असे मानले की उपायही व्यक्तीवरच होतो : तिला प्रशिक्षण द्या. प्रशिक्षणाचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. पण प्रशिक्षण कोणासाठी आखले जाते, हे तपासले पाहिजे. केंद्र सरकारची 'प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान' ही योजना २०१७ मध्ये मंजूर झाली. सहा कोटी ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकी एका व्यक्तीला डिजिटल साक्षर करण्याचे तिचे उद्दिष्ट होते. मार्च २०२४ अखेर योजना संपली तेव्हा सहा कोटींहून अधिक लोकांचे प्रशिक्षण झाले होते. मात्र पात्रतेचे वय १४ ते ६० वर्षे होते. साठी ओलांडलेली व्यक्ती योजनेच्या व्याख्येतच बसत नव्हती. आधी प्रशिक्षणाच्या कक्षेबाहेर ठेवायचे आणि मग 'ज्येष्ठांना जमत नाही' असा निष्कर्ष काढायचा, ही तर्कदृष्ट्या सदोष मांडणी आहे.

केरळमधील अनुभव वेगळी दिशा दाखवतो. तिरुवनंतपुरम जिल्ह्यातील पुल्लमपारा ग्रामपंचायतीत सुरू झालेली डिजिटल साक्षरतेची मोहीम पुढे 'डिजी केरळम' या नावाने राज्यभर नेण्यात आली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये राज्याने स्वतःला संपूर्ण डिजिटल साक्षर घोषित केले. स्वयंसेवक लोकांच्या घरी आणि कामाच्या ठिकाणी जाऊन शिकवत. शिकणाऱ्यांत शंभरी ओलांडलेली व्यक्तीही होती. 'संपूर्ण' या घोषणेकडे चिकित्सक नजरेनेच पाहायला हवे, कारण फोन लावता येणे आणि एखाद्या प्रकल्पात वर्षानुवर्षे नोंदी करता येणे यांत बरेच अंतर आहे. तरीही एक गोष्ट स्पष्ट होते : वयाची वरची मर्यादा नैसर्गिक नसते, ती योजनेतून येते.

५. विज्ञानाचे नुकसान

आतापर्यंतची चर्चा न्यायाची होती. आता पुराव्याकडे वळू.

मत्स्यशास्त्रज्ञ डॅनियल पॉली यांनी १९९५ मध्ये 'ढळत्या आधाररेषे'ची कल्पना मांडली. प्रत्येक पिढी आपल्या उमेदीच्या काळात जे पाहते त्यालाच सामान्य मानते आणि तेथून पुढची घट मोजते. आधीच्या पिढीने पाहिलेली समृद्धी हिशेबातच येत नाही. म्हणून घट प्रत्यक्षात होते त्याहून लहान दिसते. यावर उतारा एकच : जुनी आधाररेषा जपणे.

'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' या अहवालात ही अडचण ठळकपणे दिसते. दीर्घकालीन कल ठरवण्यासाठी २००० पूर्वीच्या नोंदींशी तुलना करावी लागते. त्या काळात भारतात ई-बर्ड नव्हते. म्हणजे ही तुलना जुन्या निरीक्षकांच्या वह्यांतील याद्या नंतर संगणकात उतरवल्या गेल्या म्हणूनच शक्य झाली. २०२० च्या अहवालात ८६७ जातींचा विचार झाला. पण दीर्घकालीन कल केवळ २६१ जातींचा ठरवता आला. २०२३ मध्ये ९४२ पैकी ३३८ जातींचा कल ठरला आणि त्यांतील ६० टक्के जाती घटल्याचे आढळले. उरलेल्या शेकडो जातींबाबत पुरेसा पुरावा नाही. याला इतरही कारणे आहेत. काही जाती मुळातच दुर्मीळ, तर काही दुर्गम भागात राहणाऱ्या आहेत. परंतु कपाटात पडून असलेली प्रत्येक वही ही न वापरलेली आधाररेषा आहे, हे नाकारता येणार नाही.

वही मिळाली तरी काम संपत नाही. ई-बर्डसाठी आदर्श यादी म्हणजे सुरुवातीची वेळ, कालावधी, अंतर, निरीक्षकांची संख्या आणि दिसलेल्या सर्व जाती. १९७० च्या दशकातील हौशी निरीक्षकाने 'तळ्यावर सकाळी, खूप बदके' एवढेच लिहिले असेल. तारीख आणि स्थळ कळत असेल तर अशी यादी 'ऐतिहासिक' म्हणून भरता येते. पण प्रयत्नाची माहिती नसल्याने काटेकोर विश्लेषणात तिचा उपयोग कमी होतो. निरीक्षक हयात असताना त्याच्याजवळ बसून 'तुम्ही साधारण किती वाजता निघायचे, कोणत्या वाटेने जायचे, सर्व पक्षी लिहायचे की फक्त नवे?' एवढे विचारले तरी त्या वहीचे मोल वाढते. निरीक्षक गेल्यावर ते विचारता येत नाही.

आणखी एक सूक्ष्म दोष लक्षात घ्यावा. अनेक शहरांत निवृत्त शिक्षक, अभियंते, बँक अधिकारी हे पक्षिनिरीक्षणात अत्यंत सक्रिय दिसतात. त्यामुळे 'ज्येष्ठ तर आहेतच' असा समज होतो. पण हे अडथळा ओलांडून आलेले ज्येष्ठ आहेत. वापरकर्त्यांचे सर्वेक्षण केले तर उत्तरे त्यांचीच येणार. जे दारापाशीच थांबले ते सर्वेक्षणातही नसतात. 'ज्येष्ठ' हा एकसंध गट नाही. शहरातील निवृत्त अधिकारी आणि रानाची खडान्‌खडा माहिती असलेली निरक्षर शेतमजूर स्त्री यांना एकाच रकान्यात टाकल्यास दुसरीची गैरहजेरी पहिल्याच्या हजेरीमागे झाकली जाते.

६. तीन आक्षेप

पहिला आक्षेप : स्मृती विश्वासार्ह नसते. हा आक्षेप वजनदार आहे. चिमण्यांचेच पाहा. चिमण्या सगळीकडून नाहीशा होत आहेत असा लोकांचा समज होता. २०२० च्या अहवालाने मात्र मोठ्या शहरांत घट असली तरी देशभरात संख्या साधारण स्थिर असल्याचे दाखवले. म्हणून दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात. त्याच दिवशी लिहिलेली वही हा मोजणीचा पुरावा आहे. तोंडी आठवण हा कुठे शोधावे आणि काय तपासावे हे सांगणारा संकेत आहे. दोन्हींना समान वजन देता येणार नाही, पण आठवण कच्ची म्हणून वहीही टाकून देणे चूक आहे.

दुसरा आक्षेप : कागदी मार्ग खर्चिक आहे. खरे आहे. मजकूर उतरवून घेण्याला माणसे लागतात. पण हा खर्च आज नाहीसा झालेला नाही. तो फक्त संस्थेकडून निरीक्षकाकडे सरकला आहे. पूर्वी कार्यालयातील कोणी वही वाचून भरत असे, आता निरीक्षकाने स्वतः फोन, डेटा आणि कौशल्य आणावे अशी अपेक्षा असते. ज्याला हे परवडत नाही तो गळतो.

तिसरा आक्षेप : हा प्रश्न काळाबरोबर आपोआप सुटेल; आजचे तरुण उद्या म्हातारे होतील तेव्हा त्यांना मोबाइल येतच असेल. यात अर्धेच तथ्य आहे. डोळे, कान आणि बोटे प्रत्येक पिढीची थकतात. शिवाय उद्याचे यंत्र आजचे नसेल. आणि मुख्य म्हणजे १९६०-७० च्या दशकांतील निसर्ग पाहिलेली पिढी तोवर थांबणार नाही. प्रश्न 'सुटेल' तो साक्षीदार संपल्यामुळे.

७. पर्यायांचे मूल्यमापन

ब्रिटनमधील 'बिग गार्डन बर्डवॉच' हा उपक्रम १९७९ मध्ये मुलांसाठी सुरू झाला. जानेवारीच्या अखेरीस तासभर आपल्या बागेतील पक्षी मोजायचे, एवढेच काम. ऑनलाइन सोय आल्यानंतरही छापील अर्ज टपालाने पाठवण्याचा मार्ग तेथे ठेवला गेला. काम सोपे, कालावधी ठरलेला आणि मार्ग दोन. सहभाग वाढवण्यासाठी प्रत्येक वेळी गुंतागुंतीचे तंत्रज्ञान लागत नाही, हे यातून दिसते.

डिजिटल मार्गाचा उलट फायदाही लक्षणीय आहे. २०२० च्या टाळेबंदीत रेडिंग विद्यापीठाच्या पुढाकाराने 'रेनफॉल रेस्क्यू' प्रकल्प झाला. ब्रिटनमधील पावसाच्या हस्तलिखित नोंदींचे सुमारे ६६,००० कागद झूनिव्हर्स या मंचावर ठेवण्यात आले आणि सुमारे १६,००० स्वयंसेवकांनी ५० लाखांहून अधिक नोंदी घरबसल्या टंकित केल्या. ज्याला रानावनात हिंडणे जमत नाही, गुडघे साथ देत नाहीत, अशा माणसालाही येथे विज्ञानात हातभार लावता येतो. जुने वळणदार हस्ताक्षर वाचण्यात तर ज्येष्ठ वाचक वाकबगार असू शकतात. भारतातील मोडी, उर्दू किंवा जुन्या बंगाली हस्ताक्षरांतील नोंदींसाठी असे प्रकल्प आखले तर वय ही उणीव न राहता पात्रता ठरेल.

भारतात सर्वाधिक प्रचलित उपाय मात्र अनौपचारिक आहे : 'नातवाकडून भरून घ्या.' हा उपाय चालतो, पण त्यात दोन दोष आहेत. एक, निरीक्षण आजोबांचे आणि खाते नातवाचे, म्हणून श्रेय हरवते आणि निरीक्षक कोण होता हेही विश्लेषकाला कळत नाही. दोन, नातू शिक्षणासाठी परगावी गेला की नोंदमालिका थांबते. हाच संबंध नियमबद्ध केला तर तो दोष न राहता बळ ठरतो. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ मध्ये वसंताच्या खुणांच्या, म्हणजे पहिला बहर, पहिली पालवी, पहिली कोकिळेची साद यांच्या, नोंदी सुरू केल्या आणि त्यांच्या कुटुंबातील पुढच्या पिढ्यांनी त्या १९५८ पर्यंत चालवल्या. दोन शतकांहून अधिक लांबीची ही मालिका एका पिढीने दुसरीच्या हाती वही दिल्यामुळे तयार झाली. भारतात झाडांच्या ऋतुचक्राची नोंद ठेवणाऱ्या 'सीझनवॉच'सारख्या प्रकल्पांत शाळकरी मुले मोठ्या संख्येने आहेत. एका झाडावर एक मूल आणि त्याच गल्लीतील एक ज्येष्ठ अशी जोडी लावली, आणि नोंदीत 'निरीक्षक' व 'नोंद भरणारा' असे दोन रकाने ठेवले, तर श्रेय, सातत्य आणि आधाररेषा तिन्ही सांभाळता येतील.

समारोप

नागरिक विज्ञानातील 'नागरिक' हा शब्द स्मार्टफोनधारक या शब्दाचा पर्याय नाही. प्रकल्प किती नोंदी जमवतो यावरून त्याचे यश मोजण्याची सवय झाली आहे; त्यासोबत त्या नोंदी किती जुन्या काळापर्यंत पोहोचतात आणि त्यांतून कोण गळले, हेही मोजले पाहिजे. मोठी अक्षरे, बोलीतील पर्यायी नावे, फोनवरून किंवा कागदावरून नोंद घेण्याची सोय आणि दुहेरी श्रेय या फार महाग गोष्टी नाहीत. त्या न केल्याची भरपाई मात्र पुढे कोणत्याही तंत्रज्ञानाने होणार नाही. मोजायचे राहून गेलेले पक्षी उद्या मोजता येतील. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या सकाळची साक्ष आजच घ्यावी लागेल.

विचारार्थ प्रश्न

१. आपल्या माहितीतील एखाद्या नागरिक विज्ञान प्रकल्पात नाव नोंदवून पहिली नोंद करेपर्यंत किती पायऱ्या आहेत ते मोजा. प्रत्येक पायरीवरील अडथळा शरीर, यंत्र, भाषा की विश्वास यांपैकी कोणत्या थरातील आहे?

२. 'वही हा पुरावा, आठवण हा संकेत' हा भेद आपल्याला पटतो का? सकारण लिहा.

३. आपल्या परिसरातील साठ वर्षांवरील एका व्यक्तीला एखादा पक्षी, झाड, ओढा किंवा पाऊस यांविषयी विचारा. मिळालेल्या माहितीतील कोणता भाग आज प्रत्यक्ष पाहणीने तपासता येईल आणि कोणता येणार नाही, याची दोन स्तंभांत मांडणी करा.